खुराड्याची खुशाली

डिमोना, १७ फेब्रुवारी १९६३

अहो, ऐकता ना,

शालोम. युडिथबाईंनी सुरुवातीला ‘प्राणप्रिय पतिराजांस’ असं घातलं होतं, ते मी खोडायला लावलं. तुम्ही अडुसष्टचे, मी बासष्टची. गावचा पोस्टमन पत्र देऊन लगेच जात नाही, उभा राहून ऐकतो. त्याला कशाला करमणूक? युडिथबाई म्हणजे आपल्या डोक्यावर राहतात त्या, मुंबईला शाळेत शिकवायच्या. इथं त्यांची मराठी कुणी मागत नाही, म्हणून मी बोलते आणि त्या लिहितात. पाकिटावर तुमचं नाव त्यांनीच घातलं. मी इतक्या वर्षांत घेतलं नाही, आता डाकेसाठी काय घ्यायचं.

तुम्ही आम्हाला इथं सोडून गावाला गेलात त्याला चार महिने झाले. पोचल्याच्या दोन ओळी आल्या, त्याही नातीच्या नावानं. तिकवाला मराठी वाचता येत नाही. तिनं पत्र उलटंसुलटं केलं आणि मला हिब्रूत विचारलं, सावता, सबानं काय लिहिलंय? आजोबांनी काय लिहिलं ते आजीला काय ठाऊक, मलाही वाचता येत नाही. मग आम्ही आजी-नात पत्र मध्ये ठेवून नुसत्या बघत बसलो, युडिथबाई येईपर्यंत.

परत येणार की नाही, हे मी विचारत नाही. ते विचारायला हे पत्र नाही. पत्र कोंबड्यांसाठी आहे. तुम्ही खुराडं बांधलंत, कोंबड्या आणल्यात आणि त्या माझ्या गळ्यात घालून निघून गेलात. गावाला कोंबड्या तुमच्या आणि चूल माझी अशी वाटणी होती. कोंबडी माझ्याकडं यायची ती सोललेली. तिचं जिवंतपणी काय करायचं असतं ते मी कधी विचारलं नाही.

युडिथबाई लेखणी थांबवून विचारतायत, भांडण झालं तरी कशावरून. साऱ्या शिकूनला, म्हणजे आपल्या वसाहतीला, माहीत आहे, यांनाच कसं नाही कोण जाणे. सांगते. तुम्हीही ऐका, तुमची बाजू मी कशी मांडते ते कळेल.

तुमचा कोंबडा पहाटे आरवायचा. समोरचा दोव, तो रोमानियाचा, रात्रपाळी करून येतो, त्याची झोप मोडायची. तो डॅनियलकडं तक्रार घेऊन आला, पुन्हा आला, पुन्हा आला. शेवटी आपल्या लेकानं तुम्हाला न विचारता कोंबडा कापायला नेला, आणि शुक्रवारी एस्थरनं तो नारळाच्या दुधात शिजवला. तुम्ही दोनदा वाढून घेतलात. सुनेला म्हणालात, गावाकडची चव आली. मग हात धुताना विचारलंत, आज सकाळी आरवला कसा नाही?

त्यानंतर तुम्ही डॅनियलशी बोलला नाहीत, आणि महिन्याभरात गेलात. जाताना मला येतेस का विचारलं नाहीत. मीही थांबा म्हटलं नाही. युडिथबाई, हे शेवटचं लिहिलंत का? राहू दे आता.

तर चूक अशी झाली. इथं रात्री थंडी मरणाची. मला दया आली आणि मी खुराड्याला चारी बाजूंनी पोती शिवून लावली, गावाला पावसाळ्यात तुम्ही झावळ्या बांधायचात तशी. आता कोंबड्या शिंकतायत. कोंबडी शिंकते हे मला या वयात कळलं. पोती काढू की औषध देऊ? कळवा. त्या उत्तराची वाट बघतायत. मी नाही, कोंबड्या.

सांगणारी,
जेमायमा


डिमोना, २८ एप्रिल १९६३

अहो,

उत्तर आलं नाही. कोंबड्या आपल्या आपण बऱ्या झाल्या. पोती दोवनं काढली. त्याची हिब्रू माझ्याइतकीच, म्हणून आमचं चांगलं जमतं. कोंबडा गेल्यापासून त्याला गाढ झोप लागते, आणि गाढ झोप लागते म्हणून त्याला आपल्या घराची शरम वाटते. दर आठवड्याला येऊन खुराडं झाडून जातो. ‘बाल’ कुठे, असं विचारतो. नवऱ्याला इथं बाल म्हणतात. मी आभाळाकडं बोट दाखवलं, विमान म्हणून. त्यानं भलताच अर्थ घेतला आणि डोक्यावरची टोपी सरळ केली. मग समजावता समजावता माझी दुपार गेली.

अनाशी ढाकायचा सण झाला. गावाला अनाशी, म्हणजे आंबटाची बरणी, झाकली की घर सणाला तयार. इथं त्याला पेसाहच म्हणायचं असतं आणि झाकून भागत नाही, आंबणारं सगळं घराबाहेर काढावं लागतं. कोंबड्यांचं खाणं म्हणजे जव आणि गव्हाचा भरडा, सगळं आंबणारं. म्हणजे तेही बाहेर. तुम्ही त्या आठवड्यात त्यांना तांदूळ घालायचात. पण एस्थरनं कुणाकडून तरी ऐकलंय की तांदूळसुद्धा चालत नाही. आपले वाडवडील त्या सणाला तांदळाची भाकरी खाऊन गेले, ती चूक होती हे डिमोनात आल्यावर दोन वर्षांत निघालं.

मग कोंबड्यांना घालायचं काय? बटाट्याच्या साली घातल्या. आणि सेदेरला, सणाच्या जेवणाला, अंडी उकडली होती त्यांची टरफलं, ती मी आंगणात तशीच फेकली, अख्खीच्या अख्खी. तांबड्या कोंबडीनं टरफल खाल्लं. मग तिच्या डोक्यात आलं की ही वस्तू तर मी रोज स्वतःच देते. आता ती अंडं घालते, वळून बघते आणि खाते. बाकीच्या तिच्याकडून शिकल्या. टरफलं भाजून कुटून घालायची असतात, हे मला मागाहून युडिथबाईंनी सांगितलं. तुम्हाला आधीपासून माहीत होतं, आणि तुम्ही तिकडे होतात.

मी एक अंडं फोडून रिकामं केलं आणि आत मुंबईहून आणलेली लाल मिरचीपूड भरली. म्हटलं, एकदा जीभ पोळली की खोड जाईल. तांबडीनं सगळं खाल्लं, चोच पुसली आणि माझ्याकडं बघितलं, अजून आहे का म्हणून. कोंबडीला तिखट लागतच नाही असं दिसतं. वर्षभराची मिरची गेली. डॅनियल म्हणतो, आई, आता तिचा रस्सा करायला मसाला लागणार नाही. त्याला माझ्याशिवाय कुणी हसलं नाही, आणि मीही हसायला नको होतं. तो स्वतः शुक्रवारी कोंबडी खात नाही, तुम्ही गेल्यापासून. विचारलं तर पोट बरं नाही म्हणतो. दर शुक्रवारी बरं नसतं.

काय करू ते कळवा.

जेमायमा


डिमोना, २३ जून १९६३

अहो,

छोटं पत्र आहे, कारण प्रश्न एकच आहे. तांबडी खुडूक झाली. मी तिच्याखाली चांगली अकरा अंडी ठेवली, वर डालगं झाकलं, पाण्याची वाटी जवळ ठेवली. तीन आठवडे उलटून गेले. ती इमानानं बसली आहे. पिल्लू एक नाही. इथल्या कोरड्या हवेनं अंडी उशिरा फुटतात का? अजून किती दिवस बसवू?

युडिथबाई काही तरी बोलायला बघतायत, पण पत्र माझं आहे.

जेमायमा


डिमोना, ११ ऑगस्ट १९६३

अहो,

आलं पत्र. चार पानं, दोन्ही बाजूंनी. युडिथबाईंनी वाचलं. “कोंबड्याशिवाय पिल्लं व्हायची असती, तर परमेश्वरानं कोंबडा केलाच कशाला? त्या बिचारीला आधी उठव, बसून बसून मरेल.” हे वाचताना त्यांना इतकं हसू आलं की चष्मा काढावा लागला.

तुमच्या घरात पंचेचाळीस वर्षं नांदून मला एवढं कळत नसेल? तांबडीखाली अंडी ठेवलीच नव्हती. अकरा अंडी फुकट कोण घालवील? ती बसली होती ती नुसत्या गवतावर, आणि तिला मी दुसऱ्याच दिवशी उठवली. दोन पत्रं शहाण्यासारखी लिहिली तर तुमच्याकडून शब्द नाही. एक वेड्यासारखं लिहिलं तर चार पानं. तुम्हाला बोलतं कसं करायचं ते मला लग्नाच्या वर्षीच कळायला हवं होतं, कितीतरी गप्प संध्याकाळी वाचल्या असत्या.

तुमच्या भावाच्या शेजारचे लोक इथं राहायला आले, त्यांच्याबरोबर पाठवलेलं लाकडी अंडंही मिळालं. शिवणीचं लाकूड, स्वतः कातलंत, वर चुन्याचा हात दिलात. तुमच्या सांगण्याप्रमाणे तांबडीच्या जागेवर ठेवलं. तिनं चोच मारली, पुन्हा मारली, मग उभी राहून विचार केला. आठवड्यात खोड गेली. तुमच्यापुढं कोंबडीसुद्धा हट्ट करत नाही. हट्ट करणारं माणूस एकच असतं घरात, आणि ते हट्ट करून गावाला जातं.

पत्रात माझ्याविषयी एक अक्षर नाही. मी युडिथबाईंना दोनदा वाचायला लावलं, म्हटलं कुठे कोपऱ्यात राहिलं असेल. नव्हतं. शेवटी ‘कळावे’ आहे. काय कळावे?

तुमची भाजी कोण करतं, तेही नाही. भावजय करत असेल तर तिच्या हाताला मीठ जास्त, हे तुम्हीच मला सांगत होतात. आता सवय झाली असेल.

जेमायमा


डिमोना, २० ऑक्टोबर १९६३

अहो,

तुम्ही गेलात त्याला वर्ष झालं. सुक्काच्या सणाचा मांडव गेल्या वर्षी तुम्ही घातला होतात, यंदा डॅनियलनं घातला आणि तो कलला. त्यानं तो तसाच ठेवला. बाबा असते तर, असं म्हणाला, आणि पुढचं वाक्य गिळलं. तुमचाच मुलगा. तुम्ही दोघं वाक्यं गिळून जाडे झाला आहात.

आता जे सांगते ते खरं घडलेलं आहे. मागच्या वेळी मी तुम्हाला फसवलं म्हणून हे खोटं समजू नका.

पहिलं. शुक्रवारी अंडी गोळा करून शनिवारच्या शाब्बाथसाठी उकडायला ठेवली. एक तरंगायला लागलं. तरंगतं ते नासकं, एवढं मलाही कळतं, म्हणून पळीनं बाजूला काढलं आणि उकिरड्यावर टाकायला तिकवाकडं दिलं. ती दारातून परत आली. सावता, म्हणाली, हे लाकूड आहे. तुमचं अंडं उकडलं मी. पाण्याला चुना सुटून पातेलं पांढरं झालं होतं. एस्थरनं बाकीचीही टाकून दिली, चुना पोटात जाईल म्हणून. सकाळी सगळ्यांनी पाव आणि चहा घेतला.

दुसरं. परवा संध्याकाळी तांबडी कुंपणापाशी बसून राहिली, खुराड्यात जाईना. मी तिला बराच वेळ समजावलं. मग चार शब्द बोलले. रुसून बसणाऱ्यांचं काय होतं, घरचे जेवून घेतात आणि त्यांचं अन्न गार होतं, असं सगळं बोलले. त्यात दोन शब्द तुम्हालाही होते. तिकवा आली, तिनं तांबडीला उचललं, झटकलं आणि घडी घातली. पोतं होतं.

तिकवा इतकी हसली की तिला उचकी लागली. मीही हसले. वाळूचं वारं होतं त्या दिवशी, इथं संध्याकाळी वारं सुटलं की कुणालाच काही दिसत नाही.

जेमायमा


डिमोना, २२ डिसेंबर १९६३

अहो,

तुमचं पत्र आलं. यावेळी कोंबड्यांविषयी कमी आणि प्रश्नच जास्त. पोतं किती लांब होतं? दिवस बुडाला होता का? लाकडी अंडं हाताला हलकं लागलं नाही का? पातेल्यातलं पाणी पांढरं झालं, ते आधी कुणाला दिसलं, तुला की एस्थरला? तुम्ही रेल्वेच्या वर्कशॉपात सुतार होतात अशी माझी समजूत होती, पोलिसात कधी होतात? मी उत्तरं देत नाही.

त्याऐवजी नवीन बातमी देते. हनुक्काला, दिव्यांच्या सणाला, डॅनियलचा मुकादम बायकोला घेऊन येणार होता. एस्थरनं रवा-नारळाचा केक ठरवला, बारा अंड्यांचा. अंडी फोडायचं काम माझं. आधी कपात फोडायचं, रक्ताचा ठिपका आहे का बघायचं, असला तर ते खायचं नाही, नसला तर पातेल्यात ओतायचं. हे काम सासूबाईंनी मला नवी नवरी असताना दिलं. मला अक्षर वाचता आलं नाही कधी, पण अंड्यातला ठिपका माझ्या नजरेतून सुटला असं तुमच्या घरात कुणी म्हणालं नाही. परवा सुटला. रवा घालून ढवळताना एस्थरला पातेल्यात तांबडी रेघ दिसली. अख्खं पातेलं ओतून द्यावं लागलं. बाराच्या बारा अंडी, सगळा नारळ.

मी तिला म्हटलं, घरात कोंबडा नाही, म्हणजे हा नुसता डाग. गावच्या प्रार्थना सांगणाऱ्या हज्जाननं एवढ्यावर चालवून घेतलं असतं. ती भांडली असती तर मला बरं झालं असतं, मीही बोलले असते. तिनं कप धुतला, पुसला आणि वरच्या फळीवर ठेवला, जिथं माझा हात पोचत नाही. मग म्हणाली, “आई, उद्यापासून अंडी मी बघते.”

मुकादमाला बिस्किटं दिली. बायको चांगली आहे त्याची. मी तिच्याशी बराच वेळ बोलले. पुढे कळलं की ती कधीच उठून आत गेली होती आणि मी खुर्चीवरच्या कोटाशी बोलत होते. हे लिहू नका, युडिथबाई. लिहिलंत? बरं.

तर कोंबड्या ठीक आहेत. तांबडी पिसं टाकतेय. मला काम कमी झालं हे चांगलंच, या वयात किती करायचं. एस्थरला वाटतं मी थकले. तसंच असेल.

यातलं डॅनियलला काही कळवू नका. तुम्ही तसंही त्याच्याशी बोलत नाही.

जेमायमा


डिमोना, २ फेब्रुवारी १९६४

अहो,

डॅनियलला पत्र घातलंत.

तो कामावरून आला तेव्हा टेबलावर होतं. तुमचं अक्षर ओळखून त्यानं ते उभ्यानंच फोडलं. मी म्हटलं, मोठ्यानं वाच. त्यानं वाचलं: “आईला दिसत नाही. ती सांगणार नाही. डॉक्टरला दाखव. बाबा.” मग तो खाली बसला आणि पुन्हा वाचलं. तिसऱ्या वेळी फक्त शेवटचा शब्द वाचला. माझ्यावर चिडला नाही, एस्थरवर नाही. कागद घडी घालून सदऱ्याच्या खिशात ठेवला. एस्थरनं तो सदरा तसाच पाण्यात टाकला, तेव्हा मात्र तिच्यावर ओरडला आणि खिडकीशी कागद वाळवत उभा राहिला. चाळीशीचा बाप्या.

दुसऱ्या दिवशी सुट्टी काढून तो मला कुपत होलीमला, इथल्या दवाखान्यात, घेऊन गेला. युडिथबाई बरोबर होत्या, डॉक्टरचं मला सांगायला. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, उजवा पिकलाय म्हणाला. मी म्हटलं, या वाळवंटात काही पिकतं तरी. पुढच्या महिन्यात बेरशेवाला मोठ्या दवाखान्यात उजव्या डोळ्यातला काढणार. मग कित्येक दिवस दोन्ही डोळ्यांवर पट्टी बांधून उताणं पडायचं, मान हलवायची नाही. तिकवा म्हणाली, सावता मान हलवणार नाही, पण तोंड कोण बांधणार? हे ती मराठीत म्हणाली, बरं का. थट्टा करायची असली की तिला मराठी येते.

मी हसत हसत लिहीत होते आणि तुम्ही तिकडे बसून लाकडाचा एकेक तुकडा जोडत होतात. कळलं कसं तुम्हाला? इथं तीन माणसं माझ्याबरोबर जेवतात. त्यांना वाटलं म्हातारी वेंधळी झाली. मलाही तेच वाटावं म्हणून मी झटत होते. मला भीती वाटत होती. युडिथबाई, हे लिहा, खोडू नका.

आता तुमचं दुसरं पत्र, माझ्या नावाचं. ऑपरेशनच्या आधी पोचतो, म्हणता. एका ओळीत. मी ते ऐकलं आणि उठून कोंबड्यांना पाणी ठेवून आले. मग पुन्हा वाचायला लावलं.

तुम्ही येऊ नका.

रागावून म्हणत नाही, नीट ऐका. हाताला धरून नेणारी माणसं मला इथं आहेत. डॅनियल आहे, एस्थर आहे, दोवसुद्धा बेरशेवाची बस कुठून सुटते ते विचारून ठेवतो. तुम्ही आलात तर माझ्या दुखण्याला येणार. दुखण्याला आलेला माणूस दुखणं सरलं की जातो, तशी रीतच आहे. मग मी काय करू, दुसरा डोळा मुद्दाम पिकवत बसू? आणि पट्टी बांधलेली असताना आलात तर तुम्ही माझ्याशी गोड बोलणार. गोड बोललात तर मला ओळखू कसे येणार तुम्ही?

तुम्ही डॅनियलला लिहिलंत, तेवढं मला पुरे आहे सध्या. त्याला अजून एक लिहा. कशावरही लिहा. मांडव कलला तो का कलला, ते लिहा.

जेमायमा


डिमोना, २६ एप्रिल १९६४

अहो,

पट्टी सुटली. चष्म्याच्या काचा जाड आहेत, बाटलीच्या बुडासारख्या, आणि सगळं जरा मोठं दिसतं. युडिथबाई माझ्या समजुतीपेक्षा बऱ्याच म्हाताऱ्या आहेत. हे त्यांनी लिहिलं, आणि आता मला म्हणतायत, तुम्ही तरी कुठे लहान आहात. आरशात बघून आले. खरं आहे.

दवाखान्यात पडून होते तेव्हा रोज कुणी तरी येऊन बसायचं. डॅनियल यायचा आणि तुमची पत्रं वाचून दाखवायचा. सहा लिहिलीत त्याला. खांब जमिनीत किती गाडायचे, त्यावरच दोन. तो वाचताना मध्येच थांबायचा आणि ‘हे बाबांचं चुकतंय’ म्हणायचा. मला दिसत नव्हतं, पण आवाजावरून कळत होतं की त्याला बरं वाटतंय. त्यानं उत्तरात काय लिहिलं ते मला सांगितलं नाही, मी विचारलंही नाही. तुमचं तुम्ही बघा.

घरी आल्यावर एकेक करून सगळं बघितलं. एस्थरचे केस कानापाशी पांढरे झालेत. मी तिच्याबरोबर राहते आणि मला माहीत नव्हतं. भिंतीला रंग हवा. तिकवाचं नाक तुमच्यासारखं निघालंय, तिला सांगितलं तर दिवसभर रुसून बसली. डिमोनाच्या पलीकडे डोंगर दिसतात, संध्याकाळी अंजिरी होतात. तुम्ही सांगायचात तेव्हा मला वाटायचं उगाच सांगता.

कोंबड्या बघितल्या. एस्थरनं त्या अशा ठेवल्यात की मला बोट ठेवायला जागा नाही. पाणी स्वच्छ, गवत कोरडं, टरफलं भाजून कुटलेली. कुणी शिंकत नाही, कुणी अंडी खात नाही. मी दोनदा शोधून आले, कुठे काही चुकलंय का म्हणून. नाही चुकलेलं. पेसाहला एस्थरनं त्यांना तांदूळ घातला, कुणाला न विचारता, आणि मला म्हणाली, कोंबड्यांना कोण विचारतंय. आम्हीही खाल्ला थोडा.

दुसऱ्या डोळ्याची घाई नाही, डॉक्टर म्हणतो, एकानं भागतं. डॅनियलचं पोट शुक्रवारी बरं असतं. दोवला दिवसपाळी मिळाली. घर नीट चाललंय. तुम्ही यावं असं काही कारण मी पुष्कळ शोधलं, मला एकही सापडलं नाही.

या.

जेमायमा